"माझं नाव नको, वहिनी"

वहिनी प्रयोग करणारी, धाकटा दीर गणितवाला. दोघं एकाच संस्थेत; ती तळमजल्यावर, तो वरच्या. तिनं प्रकाशाच्या सापळ्यात तीनच अणू पकडले होते, इतक्या चिंचोळ्या जागेत की एकाला हलायचं तर बाकी दोघांना विचारल्यावाचून गत्यंतर नाही. ते एकमेकांत किती गुंतलेत, हे मोजायचं सूत्र दिरानंच मांडून दिलं होतं. चार वर्षांनी उत्तर हाती आलं. लेख पाठवायच्या आदल्या दिवशी मात्र तो म्हणाला, "माझं नाव नको, वहिनी. मी आपला मदतीपुरता."

तिला गहिवरून आलं. नवऱ्याला म्हणाली, "असा दीर मिळायला भाग्य लागतं."

वर्षभरानं एका संपादकांनी तिच्याकडे एक लेख अभिप्रायासाठी धाडला. तिचाच निष्कर्ष खोडणारा. लेखक दोन: परक्या प्रयोगशाळेतले एक प्राध्यापक आणि तिचा सख्खा दीर.

लेखाचा मुद्दा असा: अणू हुबेहूब सारखे असतात, हा कोणता नि तो कोणता हे सांगताच येत नाही. दिराचं ते जुनं सूत्र त्या नुसत्या सारखेपणालाही गुंतणं समजून मोजत होतं. कुठेतरी खोट सापडेल म्हणून तिनं दोन दिवस आकडेमोड केली. मुद्दा बिनतोड होता.

ती वर गेली. "भावजी, हे कधी कळलं तुम्हाला?"

तो फळा पुसत राहिला. "शंका होती. तुमचा लेख जायच्या आधीपासून."

"म्हणून नाव काढलंत?"

"खात्री नव्हती, वहिनी. आणि विज्ञानात नातं मध्ये आणू नये."

"नात्यातली म्हणून नका हो सांगू! खालच्या मजल्यावरची बाई म्हणून तरी सांगायचं. जिना उतरायला असा किती वेळ लागतो?"

त्यानं खुर्ची पुढे केली. ती टेकली नाही.

घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. घरातलाच आहे तो."

"म्हणूनच केसानं गळा कापता आला. परक्याला सुरी लागली असती."

संपादकांना चार ओळी लिहायला तिला अर्धा दिवस लागला. लेखकांपैकी एक माझा दीर आहे, तेव्हा अभिप्राय देणं मला शोभत नाही. पण मुद्दा बरोबर आहे, माझा लेख मी मागे घेते. तिच्या लेखावर दोन विद्यार्थिनींचीही नावं होती. त्यांना तिनं समोर बसवून सगळं सांगितलं. धाकटी रडली. थोरलीनं विचारलं, "मग आता?"

"आता पुन्हा मोजायचं."

सात महिने गेले. सारखेपणा वजा केल्यावर खरं गुंतणं उरलं ते पहिल्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. ते छापून आलं, फारसं कुणी वाचलं नाही. दिराला बढती मिळाली.

भाऊ बोलावतो म्हणून तो अजूनही घरी येतो. ती चहा देते.

"सध्या काय चाललंय खाली?" तो विचारतो.

"चाललंय," ती म्हणते आणि आत जाते.