वळणाच्या वाटेवरची जीप

नागावला समुद्राच्या अंगाला एक नारळ-सुपारीची वाडी आहे. वाडीच्या दारात झावळ्यांच्या मांडवाखाली एक जुनी हिरवी जीप उभी असते. रंग हिरवा आहे असे मी म्हणते, बघणाऱ्याला तो आता मातकट दिसेल. मित्रांनो, ती जीप मी.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला आणि पहिली नोकरी उरणच्या मिठागरावर लागली. मिठागरातले बांध अरुंद असतात. एक चाक घसरले की गाडी खाजणाच्या खाऱ्या चिखलात. मी त्या बांधांवरून मजुरांना आणि गोण्यांना नेत असे. तिथे मी मीठ ओळखायला शिकले. पत्र्यावर ते आधी पांढरे दिसते आणि काही दिवसांनी तांबडे. तांबडे दिसले म्हणजे समजावे, ते आता पत्र्याच्या आत गेले. पुढे ते मिठागर बुजवले गेले. तिथे कंटेनर ठेवायची जागा झाली आणि मी विकाऊ झाले.

मला बापूंनी घेतले. बापू अलिबागला एका कार्यालयात काम करीत आणि घरची वाडी सांभाळीत. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई शाळेत शिकवीत. मी रोज सकाळी दोघांना अलिबागला सोडी, आणि सुट्टीच्या दिवशी नारळ वाही. पण बापूंनी मला नारळांसाठी घेतले नव्हते. त्यांना चिखल, दगड आणि चढ आवडायचे. आगरदांड्याचे अब्दुस्समद मिस्त्री त्यांचे दोस्त. दोघे रविवारी मला घेऊन डोंगराच्या वाटांनी निघत. चारही चाकांना जोर देऊन मी ओढ्यातून वर आले की अब्दुस्समद माझ्या बॉनेटवर थाप मारीत. घरी परतल्यावर सरोजिनीबाई माझ्याकडे आणि बापूंच्या कपड्यांकडे बघत आणि विचारत, "तुम्हाला डांबर चावतं का हो?"

कधी कधी त्याही बरोबर येत. माझ्या डावीकडच्या सीटवर त्यांनी काथ्याची गादी शिवून घातली होती. ती जागा त्यांची.

आता मी तुम्हाला वाडीची जागा नीट सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. वाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा एक उंच बांध आहे. तो माणसांनी घातलेला नाही, वाऱ्याने घातलेला आहे. त्याच्यावर मर्यादवेल पसरलेली असते. जाड पाने, जांभळी फुले. दिसायला साधी, पण तिची मुळे वाळू धरून ठेवतात. बांधाच्या आत वाडीची एकच विहीर. समुद्र इतका जवळ असून विहिरीचे पाणी गोड होते, कारण समुद्राचे पाणी बांधाबाहेर राहायचे आणि पावसाचे पाणी आत मुरायचे. सुपारी, पानवेल आणि घर, सगळे त्या एका विहिरीवर.

समुद्रावर जायची एक जुनी गाडीवाट बांधातून गेली आहे. होड्यांवरून मासळीचे खत आणायला आणि गणपती विसर्जनाला तीच वाट. ती सरळ जात नाही. बांधात शिरते, डावीकडे वळते, थोडी चालते आणि मग समुद्राकडे उघडते. नागावच्या जुन्या लोकांनी ती तशीच काढली आहे. बापू एकदा म्हणाले होते की सरळ केली तर जीप एका दमात चढेल. तेव्हा सरोजिनीबाई म्हणाल्या, "वाऱ्याला आणि पाण्याला वळायचा कंटाळा असतो. आपल्याला वळता येतं ना? मग आपण वळायचं."

त्या वाटेवर त्यांची एक रीत होती. वळण आले की त्या हाताने दोनदा डॅशबोर्ड वाजवीत. बापू थांबत. त्या खाली उतरत, चाकोरीत आडव्या आलेल्या वेली उचलून बाजूला ठेवीत, मी पुढे गेले की त्या पुन्हा जागेवर आणून ठेवीत आणि मग येऊन बसत. मागे खताची घाण सुटलेली असे, बापू हॉर्न वाजवीत असत, पण त्यांनी घाई केली नाही.

मोठे चक्रीवादळ आले त्या जूनमध्ये वाडीतले निम्मे नारळ पडले. बांधाचा पुढचा भाग खचला, पण बांध टिकला आणि विहीर वाचली. पावसाळा संपल्यावर सरोजिनीबाईंनी वेलीचे तुकडे माझ्यात भरून नेले आणि खचलेल्या जागी स्वतः लावले.

पुढे त्या आजारी पडल्या. दवाखान्यात गेल्या त्या माझ्या डाव्या सीटवर बसून गेल्या. परत आणले ते दुसऱ्या गाडीतून.

त्यानंतर बापूंनी मला हात लावला नाही. बॅटरी उतरली. टायरांमधली हवा गेली. कोंबड्या माझ्याखाली बसू लागल्या. बापू पायरीवर बसून राहात आणि माझ्याकडे बघत नसत. माझे काही चुकले म्हणून नव्हे. गादी दिसायची म्हणून.

मग बापूंचा पुतण्या अनीश पनवेलची नोकरी सोडून आला. त्याने घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. मुलगा कष्टाळू. सकाळी पोहे, दुपारी मासे, खोल्यांची झाडलोट, सगळे तोच बघे. पाहुणे मला बघून फोटो काढीत. अनीशने अब्दुस्समद मिस्त्रींना बोलावून मला चालू करून घेतले आणि पाहुण्यांना माझ्यातून पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूत, फिरवून आणू लागला. बापूंनी एकच अट घातली, डाव्या सीटवर कोणाला बसवायचे नाही. अनीशने ती पाळली. पाहुणे मागच्या बाकांवर बसत.

मला चांगले वाटले, हे मी लपवत नाही. उभ्या गाडीला चाके असून नसल्यासारखी असतात.

पण वळणाच्या वाटेवर पाहुण्यांना मजा येईना. त्यांना चढ हवा होता. अनीश एके सकाळी बापूंना म्हणाला की वाट सरळ करतो, जीप बांधावरून थेट खाली उतरेल. बापूंनी त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही. म्हणाले, "तुला बरं वाटेल तसं कर." त्या दिवसांत ते प्रत्येक गोष्टीला तेच म्हणत.

वाट सरळ झाली. मी बांध चढत असे आणि पाहुणे ओरडत असत. त्यांच्या मागून त्यांच्या स्वतःच्या गाड्याही येऊ लागल्या. वेल आधी चाकोरीतली गेली, मग चाकोरीच्या दोन्ही बाजूंची. उघडी पडलेली वाळू वाऱ्याबरोबर वाडीत यायला लागली. अनीश ती रोज सकाळी झाडून काढी. पावसाळ्यात उधाणाचे पाणी त्या सरळ वाटेने आत आले आणि सुपारीच्या मुळांशी साचून राहिले. पाऊस इतका होता की ते पावसाचेच असे अनीशला वाटले. खोल्या तेव्हा बंद होत्या. कोणी चाखून बघितले नाही.

दिवाळीत पाहुणे पुन्हा सुरू झाले. पाहुण्यांसाठी पिण्याचे पाणी जारमधून येई आणि चहाही त्याच पाण्याचा होई, बापूंचासुद्धा. विहिरीचे पाणी झाडांना आणि मला. पुळणीवरून आले की अनीश मला विहिरीच्या पाण्याने धुई, खार राहू नये म्हणून. मी वाळले की माझ्या बॉनेटवर पांढरे उमटे. ते काय आहे ते मला पहिल्या दिवशीच कळले. उरणला मी तेच अंगावर घेऊन वाढले होते. पण गाडीला सांगता येत नाही.

अब्दुस्समद मिस्त्री ब्रेक बघायला आले. खाली शिरले आणि तिथूनच बोलू लागले, "बापू, तुमच्या गाडीत आता गाडी कमी अन् गंज जास्त हाय."

बापू पायरीवर होते. म्हणाले, "रोज धुतो तो तिला."

"रोज धुतो तर मग मी काय खोटं बोलतो? या, तुम्हीच बघा."

बापू उठले. कितीतरी महिन्यांनी ते माझ्याजवळ आले. पत्र्याकडे बघण्याआधी त्यांनी बॉनेटवरून बोट फिरवले आणि सवयीने धूळ किती ते पाहिले. बोटाला पांढरे लागले होते. त्यांनी ते जिभेला लावले. मग विहिरीकडे गेले, बादली ओढली आणि ओंजळीने पाणी प्यायले. बराच वेळ ते विहिरीपाशीच उभे होते. तिथून त्यांना बांध दिसत असणार, आणि बांधातून थेट समुद्रही दिसत असणार. पूर्वी तो दिसत नसे.

परत आले तेव्हा म्हणाले, "पाणी मचूळ झालंय."

अब्दुस्समदनी जाऊन एक घोट घेतला आणि थुंकला. "हे जर गोड पाणी, तर आमची आगरदांड्याची खाडी सरबत झाली म्हणायची," असे ते म्हणाले. पण कोणी हसले नाही, तेही नाही.

त्या दिवशी सगळ्यांनी वाडीत फिरून झाडे पाहिली. पानवेलीची पाने कडेने करपली होती. सुपारीचे शेंडे पिवळे पडले होते. विहीर अशीच राहिली असती तर वाडी जायची होती, आणि वाडी म्हणजे सरोजिनीबाईंनी लावलेले सगळे. उद्यापासून वाट बंद, एवढेच बापू म्हणाले.

अनीश गप्प राहिला नाही. त्याचेही बरोबर होते. म्हणाला, "काका, लोक त्या चढासाठीच येतात. जीप बंद केली तर खोल्या रिकाम्या राहतील. मग वाडी कशावर सांभाळू? काकू असत्या तर त्यांनी तरी काहीतरी सुचवलं असतं."

बापू माझ्या दाराला धरून उभे होते. म्हणाले, "तिनं मला कधी जीप बंद करा म्हटलं नाही. वळणानं न्या, एवढंच म्हणायची."

सरोजिनीबाई गेल्यापासून बापूंनी त्यांचे नाव काढलेले मी प्रथमच ऐकले. खरे तर नाव घेतले नाहीच, पण त्यांच्याबद्दल बोलले.

दुसऱ्या दिवशी बापू स्वतः स्टिअरिंगवर बसले. आम्ही डोंगराकडे गेलो. तिथे मुरुमाची एक जुनी खाण बंद पडून आहे. नुसते खडक, खड्डे आणि चढ, गवतसुद्धा नाही. खाणीच्या मालकाला विचारून बापूंनी अनीशला तिथे गाडी चालवायला शिकवले. कुठे गिअर बदलायचा, कुठे श्वास धरायचा, सगळे. पहिला पाहुणा कुरकुरला की समुद्र सोडून खड्ड्यात कोण येतो. पहिला चढ चढल्यावर तो बोलायचा थांबला. दुसऱ्याला त्याने डोळे मिटून घेतले. संध्याकाळी त्याने घरी फोन करून अर्धा तास तेच सांगितले.

पुळणीवर आता सगळे चालत जातात, आणि जुन्या वळणाने. सरळ वाट बुजवायला आम्हाला दोन हिवाळे लागले. बापू आणि अनीशने आडव्या झावळ्या रोवल्या. वाऱ्याने त्यांच्या पायाशी वाळू आणून टाकली. ती भरली की वरती पुन्हा झावळ्या. त्यांच्या आडोशाला बापूंनी वेलीचे तुकडे लावले. तुकडे, झावळ्या आणि पाण्याची पिंपे मी बांधाच्या अलीकडेपर्यंत नेली. वेल कुठून आणली असेल? सरोजिनीबाईंनी वादळानंतर लावलेला पट्टा वाटेपासून दूर होता, तो शाबूत होता. तिथूनच.

एकदा एक मोठी नवी गाडी थेट बांधासमोर येऊन उभी राहिली. आतल्या माणसाने अनीशला सांगितले की ही कुठेही चढते, बाजूला हो. अनीश बाजूला झाला नाही. म्हणाला, "साहेब, चढेल की. तुमच्या गाडीला चार चाकांचा जोर आहे, पण आम्हाला विहीर एकच आहे." मग त्याने त्यांना खाणीचा रस्ता दाखवला. ते तिथे गेले की नाही, मला माहीत नाही. बांधावर मात्र गेले नाहीत.

बापू दर रविवारी विहिरीचे पाणी चाखत. चाखायचे, तोंड वाकडे करायचे आणि बादली सुपारीला ओतायची. पहिला पावसाळा गेला तरी फरक कळत नव्हता. दुसरा पावसाळा चांगला झाला. उधाण बांधाला लागून परत गेले.

यंदा नवरात्राच्या सुमाराला बापूंनी एका रविवारी पाणी चाखले आणि बादली ओतली नाही. ती घेऊन ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि अनीशला म्हणाले, "याचा चहा टाक."

चहा घेऊन ते मांडवात आले. माझा डावीकडचा दरवाजा उघडला. काथ्याच्या गादीवरची वाळू हाताने झटकली आणि तिथे बसले. इतक्या वर्षांत ते त्या बाजूला कधी बसले नव्हते. अनीशने लांबूनच विचारले, "कसा झालाय?"

"अजून जरासा मचूळ आहे," बापू म्हणाले. आणि सगळा चहा प्यायले.

मित्रांनो, माझा पत्रा खालून गेला आहे. अब्दुस्समद मिस्त्री म्हणतात अजून काही वर्षे ढकलू. तोपर्यंत मी खाणीतले चढ चढणार आहे, कारण मी त्यासाठीच झाले आहे आणि मला ते आवडते. तुम्हीही मोठे झाल्यावर गाडी चालवा. फक्त समुद्रावर आलात तर ती बांधाच्या अलीकडे ठेवा आणि वळणाने चालत जा. आणि एखाद्या वाटेवर गाडी न्यावीच लागली आणि वेल आडवी आली, तर कोणीतरी खाली उतरा. ती हाताने उचलून बाजूला ठेवा. गाडी पुढे गेली की पुन्हा जागेवर आणून ठेवा. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्या.