ऑक्टेनचा आकडा आणि टेकडीवरची ताई

मंडळी, आपल्या माणसाला काय हवं ते न विचारता सगळ्यांत भारी वस्तू धाडून मोकळं व्हायची खोड आपल्यापैकी पुष्कळांना असते. नानांना ती जरा जास्तच होती.

नाना म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. बायको गेल्यापासून घर त्यांना खायला उठे. संध्याकाळी ते रेडिओवरच्या बातम्यांनाच उत्तरं देत बसत. तासाभराच्या अंतरावर, टेकडीवर त्यांची थोरली बहीण राहायची, तीही एकटीच. तिची नजर झपाट्यानं उतरत होती. "तुझा चेहरा दिसतोय तोवर येऊन जा रे," असं ती फोनवर म्हणाली, त्याला पाच महिने झाले होते. नानांनी तिला महागडं भिंग पाठवलं, उंची शाल पाठवली. स्वतः काही गेले नाहीत.

"गाडी चढ ओढत नाही गं ताई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. गाडीला जोर यावा म्हणून महिन्यातून एकदा पंपावर जाऊन ते सगळ्यांत जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरत, आणि घरी येऊन गाडीवर पुन्हा कव्हर घालत.

शेवटी वैतागून त्यांनी गाडी गॅरेजात नेली. मेकॅनिकबाईंनी एअर फिल्टर काढून झटकला, तर धुळीचा लोट उडाला.

"एवढं भारी पेट्रोल पाजतो, तरी अंगात जोर नाही हिच्या," नाना कुरकुरले.

"ऑक्टेन म्हणजे जोर नव्हे, नाना. कितीही दाब पडला तरी ठिणगीच्या आधी पेटायचं नाही, एवढाच त्याचा गुण. तुमच्या जुन्या इंजिनात तेवढा दाबच नसतो, त्याला साधंच पुरतं. लिटरमागे ऊर्जा म्हणाल, तर दोन्हींत जवळपास सारखीच."

"मग चढत का नाही?"

"चढावर शेवटची कधी नेलीत?"

नाना फिल्टरवरची धूळ निरखू लागले. बाई फडक्याला हात पुसत म्हणाल्या, "फिल्टर तुंबलाय, टाकीत पेट्रोल शिळं होतंय. तिला भारी काही नकोय हो. तिला चालवा. जायचं कुठे होतं?"

"बहिणीकडे." नाना बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "तिची नजर जाताना मला बघवणार नाही. गाडीचं नुसतं निमित्त."

"ती तर एकटीच बघतेय ना ते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना निघाले. दुसऱ्या गियरमध्ये, धापा टाकत का होईना, गाडी टेकडी चढली. ताई दाराची चौकट धरून उभी होती. तिनं त्यांचा चेहरा अगदी डोळ्यांजवळ ओढला आणि बराच वेळ पाहिला.

"चष्मा कधी लागला तुला?"

"सहा वर्षं झाली, ताई," नाना म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना. पाठवलेलं भिंग कपाटावर खोक्यातच होतं.

मंडळी, माणसाला भारी वस्तू पुरत नाहीत, माणूस लागतं. आपलं कुणी वाट पाहत असेल तर आजच निघा. नानांची गाडी आता दर गुरुवारी टेकडी चढते, साध्या पेट्रोलवर. ताईला आता चेहरा दिसत नाही, पण वळणावरच गाडीचा आवाज ओळखून ती दार उघडून ठेवते.