पिशवीवरचं नाव

चंदनानं कासव कापलं ही बातमी तिच्या आधी गावात पोचली. बेळगावहून निपाणी, निपाणीहून कोगनोळीच्या अलीकडचा फाटा, अशा दोन बस बदलून ती वेशीत उतरेपर्यंत त्या कासवाचं पार कालवण झालं होतं. कुणी म्हणे जितं कापलं, कुणी म्हणे कापून खाल्लं. आता बोला! ज्या जैन घरात कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही, त्या घरातल्या पोरीनं म्हणे कासव खाल्लं. लोकांच्या जिभेला हाड नसतं हे खरंच, पण इथं तर लाजही नव्हती.

खरं काय ते ऐका. चंदना बेळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं एम.एस्सी. करत होती, तिथंच अनगोळात खोली घेऊन राहत होती. अभ्यासाला विषय घेतला गावच्याच तळ्याचा, तळ्यातली कासवं आणि प्लास्टिक. वर्षभर कासवं मरून पाण्यावर येत होती आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वनखात्याची परवानगी काढता काढता तिच्या चपला झिजल्या. मग एक मेलेलं कासव कॉलेजात नेऊन, मार्गदर्शक नीलम मॅडमसमोर, तिनं उघडलं. जन्मात कधी मुंगीवर पाय न दिलेली पोर. सुरी धरायच्या आधी तिनं मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हटला.

पोटात अन्न नावाला नव्हतं. पिशव्यांचा बोळा होता, नुसता बोळा. त्यातली एक नळाखाली धुऊन पसरली, तर तिच्यावर लाल अक्षरं जशीच्या तशी, ‘कै. शालूबाई यांच्या स्मरणार्थ जीवदया’. शालूबाई म्हणजे चंदनाची आजी. पिशव्या छापून घेतल्या होत्या चंदनाच्या वडलांनी, पारिसा आप्पांनी. चंदनाला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

आप्पांचा निपाणीत तंबाखूचा व्यापार. आई गेल्यावर त्यांनी दर पौर्णिमेला तळ्यावर चुरमुऱ्याच्या पिशव्या वाटायला सुरुवात केली. ज्यानं त्यानं एक पिशवी घ्यायची, माशा-कासवांना चुरमुरे घालायचे, पुण्य घ्यायचं. पुण्य घेऊन माणसं घरी जायची आणि रिकामी पिशवी पाण्यावर सोडून द्यायची. चुरमुऱ्याच्या वासानं कासव ती गिळायचं. आणि हीच माणसं घरी पाणी दुहेरी फडक्यातनं गाळून पिणारी, फडक्यात अडकलेले जीव मरू नयेत म्हणून ते उलटं करून परत विहिरीत धुणारी. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची एवढी काळजी, आणि ताटाएवढं कासव कुणाला दिसू नये? हसावं का रडावं?

दुसऱ्या दिवशी बस्तीच्या, म्हणजे गावच्या जैन मंदिराच्या, मंडपात बैठक बसली. कमिटीचे अध्यक्ष गोमटेश अण्णा, आवाज कधी न चढवणारा माणूस. त्यांनी शांतपणेच सांगितलं की श्रावकाच्या पोरीनं शस्त्र धरलं, हातून पाप घडलं, तेव्हा प्रायश्चित्त म्हणून एक उपवास करावा आणि सगळ्यांसमोर माफी मागावी. चंदनानं पिशव्यांचा विषय काढला, तर तो आजचा विषय नव्हे म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

“अण्णा, मी कापलं ते मेल्यावर,” चंदना म्हणाली. “मारलं कुणी, ते कोण इचारणार?”

सगळ्यांनी आप्पांकडं पाहिलं आणि आप्पांनी जमिनीकडं. बैठक तशीच उठली.

संध्याकाळी दिवे लागायच्या आत जेवणं उरकली, तसं आप्पांनी तिला परसात बोलावलं आणि त्या पिशवीचा फोटो दाखव म्हणाले. मोबाइल हातात घेऊन ते कितीतरी वेळ बघत राहिले, बोटानं अक्षरं मोठी करून बघितली. हाच फोटो पुढच्या महिन्यात परिषदेत दाखवायचा होता, परिषदेच्या पुस्तकात छापायचा होता. चंदनाला वाटलं, आता आप्पांचा बांध फुटणार.

“नाव वाचाय येतंय व्हय सगळ्यास्नी?” त्यांनी विचारलं.

“येतंय.”

“मग तेवढं पूस, चंदना. माझ्या आईचं नाव हाय. पिशव्यांचं मी बघतो.”

तिला राग आला, आणि वडलांची दयाही आली. आजी तिचीही होती. तिच्या मांडीवर बसूनच चंदना चालत्या-बोलत्या जिवाला जपायला शिकली होती. एक नाव पुसून कासवं वाचत असतील तर पुसू या, असं तिनं मनाला समजावलं. नीलम मॅडमना फोन केला, तर त्या चिडल्या. नाव हाच पुरावा आहे, ते पुसलं तर उद्या कुणीही हात झटकेल, असं म्हणाल्या. चंदना हटून बसली. माझे वडील दिला शब्द मोडत नाहीत, म्हणाली. मग त्याच शब्दाच्या भरवशावर तिनं उपवास केला, आणि भरल्या बस्तीत दातओठ खात, हात जोडून माफीही मागितली. कुणाची? ज्यांनी मारलं त्यांची.

पौर्णिमेला ती मुद्दाम बेळगावहून आली. तळ्याच्या पायऱ्यांवर गर्दी होती, आणि मधोमध चुरमुऱ्याच्या पिशव्यांचा ढीग होता. आप्पा हसतच पुढं आले. पहिली पिशवी तिच्या हातात देऊन म्हणाले, तुझ्या हातनं सुरुवात कर, म्हणजे झालं गेलं तळ्याला मिळालं.

तिनं पिशवी उलटसुलट करून पाहिली. कोरी होती. लाल अक्षरं गेली होती. प्लास्टिक तेच होतं.

“नाव काढलं की गं,” आप्पा हळूच म्हणाले. “आता कुणी बोट दावणार न्हाय.”

“आणि कासवं?”

लोकांना सवय लागलीय, एकदम कसं बंद करायचं, असं काहीतरी ते बोलले. शेजारी गोमटेश अण्णांनी मान डोलावली. चंदना दोघांच्या तोंडांकडं बघत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, ह्यांना पटत नाही, आपणच सांगायला कमी पडलो. कसलं काय! पटलं होतं, पुरतं पटलं होतं. कासव ह्याच पिशव्यांनी मरतं हे पटलं नसतं, तर आईचं नाव कशाला काढलं असतं? असा राग तिला कासव कापतानासुद्धा आला नव्हता.

तिथंच पायरीवर उभं राहून तिनं नीलम मॅडमना फोन लावला.

“मॅडम, फोटोतलं नाव पुसू नका. आणि पिशवी कुणी छापली, तेही खाली लिहा. पारिसा पाटील. माझे वडील.”

आप्पा समोरच उभे होते. तिनं फोन बंद केला आणि ती कोरी पिशवी त्यांच्या हातात परत दिली.