दर रविवारी पाच मिनिटं

कवळीवाल्याला स्पोर्ट्स कार घ्यायची होती, आणि ही गोष्ट त्याच्या घरात तीन वर्षं विनोद म्हणून चालली होती. माणूस पंचेचाळिशीचा, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवणारा, म्हणून सगळं नातेवाईक मंडळ त्याला कवळीवालाच म्हणायचं. कामात हात असा, की कुठला दात केसभर उंच बसलाय ते नुसतं बोट फिरवून सांगेल. पण गाडीचा विषय निघाला की उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मागे एकदा अशीच एक जुनी गाडी रंगावर भाळून घेऊन आला होता, आणि अकराव्या दिवशी तिच्या इंजिनानं भर चौकात मान टाकली. तेव्हापासून मेव्हणा भेटला की आधी विचारायचा, आज गाडीतून आलात की गाडी ढकलत आलात?

तेव्हा या खेपेला बायकोनं एकच अट घातली. आत्या हो म्हणाली तर घे, नाहीतर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. आणि बाई शब्दाची पक्की होती.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. सत्तरीला टेकलेली, अंगानं उंच आणि काटकुळी, जिभेला हाड नाही. चाळीस वर्षं तिनं इंजिनं बांधायचं वर्कशॉप चालवलं. सुरुवातीला गिऱ्हाइकं आत डोकावून विचारायची, मालक कुठे आहेत? ती हात पुसत म्हणायची, मालक तुमच्याशीच बोलतेय, गाडी आत घ्या. पाच वर्षांत असं झालं की दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले की गाडी तिच्याकडे यायची. आता वर्कशॉप दुसऱ्या एका भाच्याकडे दिलं होतं, पण अवघड इंजिन आलं की तो अजून आत्याला फोन करतो, आणि ती अजून घरच्या चपलांवर तशीच निघते.

गाडी होती गर्द निळी, दोनच सीटांची, पंधरा वर्षांची आणि तरी अगदीच कमी पळालेली. कवळीवाल्यानं फोटो पाहिले आणि त्याची भूक मेली. पण या मॉडेलच्या इंजिनाचं एक दुखणं होतं. बाहेरून ठणठणीत, आणि आतली बेअरिंगं गुपचूप झिजत जातात. एक दिवस सगळं जॅम. मग इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीइतका. त्यानं रात्रंदिवस वाचून वाचून डोळे लाल करून घेतले होते. कुणी म्हणे हमखास जातं, कुणी म्हणे आमचं वीस वर्षं टिकलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस तो, पण ताक समोर आलं की फुंकायचं विसरणारा. म्हणूनच आत्या हवी होती.

आत्यानं त्याला आधीच बजावून ठेवलं होतं. मालकांना सांग, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गरम इंजिन पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं असतं, म्हणाली, भलतंच शहाण्यासारखं वागतं. ते मुळात कसं आहे ते बघायचं तर थंड असताना गाठायचं.

गाडीच्या मालकीणबाई गल्लीच्या टोकाच्या बैठ्या घरात एकट्या राहत. त्या हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं रोज ठरल्या मिनिटाला तापमान आणि पाऊस वहीत टिपण्यात गेलेली बाई, वागण्यातही तशीच काटेकोर. त्यांनी गॅरेजचं दार वर केलं, आणि कवळीवाला जागीच थबकला. गाडीवर मऊ सुती आवरण, त्याच्या कडा इस्त्री केल्यासारख्या दुमडलेल्या. भिंतीवर थर्मामीटर. कोपऱ्यात बॅटरी चार्ज करायचं यंत्र, वायरची गुंडाळी खिळ्याला टांगलेली. जमिनीवर तेलाचा ठिपका म्हणाल तर शपथेला नाही. आवरण निघालं आणि तो निळा रंग असा समोर आला की हा गडी मनातल्या मनात गाडी घरी घेऊन पोचलासुद्धा.

आत्यानं रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं आधी बॉनेटवर तळहात ठेवला. थंडगार. तिची मान समाधानानं हलली. मग बॉनेट उघडून ती आत वाकली ती दहा मिनिटं वर आली नाही. तेल भरायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं, उलटं करून उजेडात धरलं. आतून दुधाळ, चहाच्या सायीसारखा चिकट थर. तेल मोजायची पट्टी ओढली, थेंब चिमटीत चोळला, नाकाशी नेला. पेट्रोलचा वास. तिच्या भुवया जवळ आलेल्या कवळीवाल्यानं पाहिल्या.

आत्यानं बाईंना विचारलं, गाडी किती चालते? बाई म्हणाल्या, चालत नाही, पण बंदही पडू दिलेली नाही. आणि आत जाऊन एक जाड वही घेऊन आल्या.

आता या वहीचं काय सांगावं. सात वर्षांपूर्वी बाईंचे यजमान आजारपणात गेले. गाडी त्यांची, जीव की प्राण. शेवटी दवाखान्यात त्यांनी बाईंना सांगितलं होतं, दर रविवारी हिला फिरवून आणत जा, नाहीतर ती मरेल. बाईंना गाडी चालवता येत नव्हती. दुसऱ्याच्या हातात द्यायचा धीर झाला नाही. मग त्यांनी आपल्याला जमेल ते केलं. दर रविवारी सकाळी आठ वाजता गॅरेजचं दार वर करायचं, गाडीत बसायचं, किल्ली फिरवायची, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं आणि बंद करायचं. सात वर्षांत एक रविवार चुकला नाही. ताप होता तेव्हाही नाही. आणि प्रत्येक रविवारची नोंद वहीत: तारीख, तापमान, किती मिनिटं, आवाज कसा.

आत्यानं चष्मा लावला आणि उभ्याउभ्या वही वाचू लागली. तिसऱ्या वर्षी एका ओळीत लिहिलं होतं, चालू करताना किंचित खडखड, दोन सेकंद. पुढच्या वर्षी चार सेकंद. मग सहा. गेल्या रविवारी नऊ. विकायला काढलेल्या गाडीबद्दल स्वतःच्या अक्षरात असं लिहून ठेवणारा माणूस कवळीवाल्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्याला स्वतःचीच थोडी लाज वाटली, कारण रस्ताभर तो आत्याला सांगत आला होता, की विकणारे सगळे चोर, आपण डोळ्यांत तेल घालून बघायचं.

आत्यानं बाईंना किल्ली फिरवायला सांगितली. आणि बाई गेल्या त्या नेहमीच्या सवयीनं शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. तिथून हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन एका फटक्यात लागलं, आणि आतून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. कवळीवाला मनात मोजत होता. नऊ सेकंद, अगदी वहीबरहुकूम. मग आवाज विरला आणि इंजिन असं गोड चालू लागलं की दुसरा कुणी असता तर तिथल्या तिथे पेढे मागवले असते. कवळीवाल्यानं आशेनं आत्याकडे पाहिलं. ती म्हणाली, अजून गरम झाल्यावर बघायचंय, वीस मिनिटं चालवावी लागेल, टायर कडक झालेत तेव्हा हळूच नेईन.

कवळीवाला लगबगीनं शेजारच्या दाराकडे गेला. तीन वर्षं या घडीची वाट पाहिलेला माणूस तो. आत्यानं त्याला हातानंच बाजूला केलं.

"तू नको. बाई, तुम्ही बसा. सात वर्षं या इंजिनाचा आवाज तुम्ही ऐकलाय, काही बदललं तर तुम्हालाच आधी कळेल."

बाई घाबरल्या. नाही नको झालं. मग पदर खोचून बसल्या. निळी गाडी फाटकातून बाहेर पडली आणि गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. कवळीवाला रिकाम्या गॅरेजात हात चोळत उभा राहिला. वीस मिनिटांची चाळीस झाली. त्यानं तीनदा फोन काढला आणि तीनदा खिशात ठेवला, कारण गाडी चालवताना आत्याला फोन केला तर ती परत येऊन आधी त्याचीच खरडपट्टी काढणार.

गाडी आली तेव्हा काचा पूर्ण खाली होत्या. बाईंचे केस सुटून तोंडावर आले होते आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती. आत्यानं इंजिन चालूच ठेवलं. आता त्याचा सूर बदलला होता, खोलवरून एक ठक ठक येत होती. बाई त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, पुलाजवळ सुरू झालं हे, मीच यांना सांगितलं.

आत्यानं इंजिन बंद केलं, बॉनेट उघडून वरूनच तेलाचा फिल्टर काढला, पत्रा कापायच्या कात्रीनं त्याचा डबा उघडला आणि आतला घड्यांचा कागद उन्हात पसरला. कवळीवाला वाकला. घड्याघड्यांतून तांबूस चमचम. धातूची पूड म्हणजे त्याचा रोजचा धंदा, त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बेअरिंगं गेली होती. हातातोंडाशी आलेला घास, आणि त्यात खडे.

बाईंनी त्या कागदाकडे पाहिलं, मग आत्याकडे. त्यांना भलती शंका आली होती, आणि ती त्यांनी सरळ विचारली.

"पण मी तर एकही रविवार चुकवला नाही. मग मीच बिघडवली का?"

कवळीवाल्यानं आत्याकडे असं पाहिलं, की आता तरी एकदा खोटं बोल. त्याच्या जागी कुणीही म्हणालं असतं, छे हो, वय झालं गाडीचं.

"हो," आत्या म्हणाली. "पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. पाणी आणि पेट्रोल तेलात उतरत राहतं, तेल पातळ होतं आणि बेअरिंगं खातं. तुम्ही चालूच केली नसती तर बरं होतं."

बाई गॅरेजच्या पायरीवर बसल्या. कवळीवाल्याला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आत्याला घेऊन आपण आत जावं. पण आत्याचं बोलणं संपलं नव्हतं. ती बाईंच्या शेजारी त्याच पायरीवर टेकली.

"आता बाकीचंही ऐका. वायरींना उंदीर लागला नाही. रबरं मऊ आहेत. गंज नखाएवढा नाही. आणि आवाजाची अशी नोंद मला चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं दिलेली नाही, मेकॅनिकनंही नाही. इंजिन मी बांधून देईन, ते माझं काम आहे. एवढं राखणं मला जमलं नसतं."

आत्या कुणाला चांगलं म्हणतेय हे कवळीवाल्यानं आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं होतं. पहिल्यांदा त्याच्या लग्नात, तेही जनरेटरबद्दल. त्याला भरून आलं, आणि त्याच भरात त्यानं ठरवून टाकलं. आत्या बांधणार म्हणजे प्रश्न मिटला. त्यानं घसा साफ केला आणि बाईंना म्हणाला, की अशीच्या अशी द्या, मी घेतो, बायकोला मी समजावीन.

बाईंनी उठून गाडीच्या टपावर हात ठेवला.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "मी विकत नाही. ते मला गाडी फिरवून आण म्हणत होते, आणि फिरणं काय असतं ते मला आज पुलावर कळलं. शिकायला वय आडवं येतं का, ते मी यांना येतानाच विचारलंय."

आत्यानं हात झटकले. म्हणाली, मी काय सांगणार, मी स्वतः पोहायला साठीत शिकले, दोनदा नाकातोंडात पाणी गेलं. आणि भाच्याकडे वळून न पाहताच म्हणाली, तुझी गाडी गेली रे.

झालं. तीन वर्षांची हौस, आणि ज्या आत्याला आपणच हौसेनं घेऊन आलो तिनंच ती घालवली. कवळीवाल्याला राग आला, खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. आता घरी काय सांगायचं, मेव्हण्याला काय सांगायचं. तो तोंड फिरवून फाटकाकडे निघालासुद्धा.

मागे दाराचा आवाज झाला. बाई पहिल्यांदाच चालवणाऱ्याच्या सीटवर बसत होत्या, इंजिन बांधून होईल तेव्हा पाय पोचतील का तेवढंच बघायला. पोचत नव्हते. यजमान उंचापुरे असणार. क्लच आणि बाईंचा पाय यांच्यात चांगलं वीतभर अंतर राहिलं होतं. त्या सीटखाली चाचपडत होत्या, पण सात वर्षं कुणी न हलवलेला तो खटका त्यांच्या बोटांना दाद देत नव्हता. आत्या लांब उभी होती, तिचे गुडघे वाकण्यातले नव्हते.

कवळीवाला परत आला. जमिनीवर गुडघे टेकून त्यानं हात सीटखाली घातला, बोटानं खटका शोधला, आणि तो हलेना तेव्हा आत्याकडे तेलाची कुपी मागितली. दोन थेंब सोडले, थोडा थांबला, परत दाबला.

"पाय सैल सोडा, काकू," तो म्हणाला. "मी मागून ढकलतो, तुम्ही पुढे व्हा."

सीट कुरकुरली आणि बाईंना घेऊन पुढे सरकली.