ठेक्यातली फट

मित्रांनो, मी एक जुना एमपीथ्री प्लेअर आहे. काडेपेटीएवढा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. मरोळच्या एका दुकानातून सुलक्षणाताईंनी मला नाहूरला आणले. त्यांच्या सोसायटीतल्या बायकांच्या लेझीम पथकाला मीच ताल पुरवतो. त्याची मला भारी ऐट होती.

यंदा मुलुंडच्या स्पर्धेसाठी ताईंच्या भावाने, चैतन्यने, ढोल-ताशाची वीस मिनिटांची सलग धून जुळवली. सराव कुठूनही सुरू करता यावा म्हणून तिचे आठ तुकडे करून माझ्यात भरले. एक संपला की मी लगेच दुसरा वाजवी. मला वाटे, काम कसे चोख!

पण दर सांध्यावर सोनूबाई अडखळत. वय अडुसष्ट, तरी पथकात त्या सगळ्यांत पुढे असत. त्यांचा पाय चुकला की मागची रांग विस्कटे.

"ढोल मधीच थांबता गो," त्या म्हणाल्या.

"नाही हो काकू, सलग तर वाजतंय," मागच्या रांगेतली श्वेता म्हणाली.

चौथ्यांदा तसेच झाले, तेव्हा सोनूबाईंनी लेझीम खाली ठेवली. "माझेच कान गेले. माका नको आता." आणि त्या घरी निघून गेल्या.

ताईंना चैन पडेना. त्यांनी चैतन्यला बोलावले. "काकू उगीच बोलणार नाहीत रे. तू बघ."

चैतन्यने लॅपटॉपवर सगळे तपासले आणि कपाळावर हात मारला. "काकूंचं बरोबर आहे, यार! फाइल लहान करताना प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे थोडी शांतता चिकटते. सेकंदाचा विसावा भाग असेल. ती किती गाळायची, हे फाइलमध्येच लिहिलेलं असतं. हा प्लेअर ते वाचतच नाही!"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चूक माझी आणि बोल त्या माउलीला!

"मग टाकून देऊया ना हा?" श्वेताने विचारले. माझी तर बोबडीच वळली.

"कशाला? नवं सॉफ्टवेअर घालतो."

अर्ध्या तासात मी ती नोंद वाचायला शिकलो. पुढचा तुकडा आधीच तयार ठेवायचा, शांतता गाळायची, ढोलाला ढोल भिडवायचा. मग श्वेता स्वतः सोनूबाईंकडे गेली. "काकू, चुकलं माझं. चला ना."

सोनूबाई आल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या. "लाव बघू." आठही तुकडे झाले, पाय एकदाही अडला नाही. "आता झकास!" त्या खुदकन हसल्या.

मुलुंडला आमचा दुसरा नंबर आला. सोनूबाईंच्या मते पहिलाच यायला हवा होता!

मित्रांनो, जुनी वस्तू अडखळली तर लगेच भंगारात काढू नका. शिकवले तर तीही शिकते. आणि एखादे म्हातारे माणूस 'काहीतरी चुकतंय' म्हणाले, तर त्याच्या कानांवर शंका घेण्याआधी आपले कान द्या.