एकोणीस बाटल्या

नववी परीक्षानळीही केशरी झाली तेव्हा सुधाने स्पिरिटचा दिवा विझवला आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली. आधीच्या आठ नळ्या स्टँडवर ओळीने उभ्या होत्या. नऊही नळ्यांत साखर ओळखायचं बेनेडिक्टचं निळं द्रावण सारखंच पालटलं होतं. कमीजास्त म्हणावं तर तसूभरही नाही.

नऊच्या नऊ मुलींना मधुमेह?

तिने ड्रॉपर धुतला. नव्या नळीत साधं पाणी घालून उकळलं. निळं ते निळंच राहिलं. म्हणजे द्रावण चांगलं होतं, दिवा चांगला होता आणि तिचा हातही चांगला होता. तिने उरलेल्या दहा बाटल्या एकापाठोपाठ एक तपासल्या. शेवटची नळीही केशरी. मग तिने पहिल्या आणि शेवटच्या बाटलीतला एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींचे आकडेसुद्धा तेच.

सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेचं काम पंचवटीतल्या तिच्या छोट्या लॅबकडे येण्याचं हे तिसरं वर्ष. दिवाळीची सुट्टी संपवून मुली परतल्या की आठवी ते दहावीच्या मुलींच्या बाटल्या येत. चिकटपट्टीवर नाव आणि सोबत मुख्याध्यापकांचं पत्र : लघवीची सर्वसाधारण तपासणी व गर्भचाचणी करावी, अहवाल बंद पाकिटात द्यावा, विद्यार्थिनींना सांगू नये. मुलांच्या बाटल्या कधीच आल्या नव्हत्या. मुलींना विचारलंय का, असं सुधानेही कधी विचारलं नव्हतं. तिचं काम बाटलीपासून सुरू होई आणि पाकिटापाशी संपे.

बाटल्या घेऊन आलेली बाई बाहेर बाकावर बसली होती. भागीबाई. वसतिगृहात कामाठी होती. झाडणं, पाणी भरणं, मुलींच्या आजारपणात उशाशी बसणं हे तिचं काम. पाकीट घेऊन तिला दुपारच्या एस्टीने परत जायचं होतं. सकाळपासून तिने माठातलं पाणी चार वेळा घेतलं होतं आणि तीनदा मागच्या अंगणात जाऊन आली होती.

सुधाने स्टँडकडे पाहिलं, मग दाराकडे.

"भागीबाई, जरा आत या."

भागीबाई आली. चप्पल बाहेर काढून आली, पण खुर्चीवर बसली नाही.

"या बाटल्या कोणी भरल्या?"

"पोरींनी. आणखी कोण भरील?"

"तुमच्यासमोर?"

"दारात उभी व्हते मी."

"भागीबाई, या एकोणीस बाटल्या एकाच बाईच्या आहेत. त्या बाईच्या लघवीत भरपूर साखर आहे. तिला सारखी तहान लागत असणार."

भागीबाईने पदर खांद्यावर घट्ट ओढला. "तहान तं लागणारच. घाटात धूळ काय कमी हाय?"

सुधा हसली नाही. तिच्या मनात वेगळंच येत होतं. एकीला लपवायचं म्हणून एकोणीस बाटल्या भरल्या असतील, तर ती एक कोण? आणि तिला लपवून कोणाची सोय होणार होती?

"हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं? शाळेतल्या कोणी पुरुष माणसाने?"

"माणसाने?" भागीबाई आता पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघत होती. "माणसाला लपायची काय गरज, बाई? त्याची बाटली कोण मागतंय?"

बाहेर रिक्षा थांबली, निघून गेली.

"मागल्या साली मीनाचा कागद तुम्हीच दिला नं?" भागीबाई म्हणाली. "दहावीची मीना. सरांनी पाकीट फोडलं अन् त्याच दिवशी तिची पेटी बाहेर. कोणी केलं, कुठं झालं, एका शब्दानं इचारलं नाय. बाप घ्यायला आला, तो तिच्या चार पावलं पुढं चालत गेला. मागं वळला नाय. घरी गेल्यावर पंधरा दिवसात तिला पाळी आली म्हणं. शाळेत परत नाय घेतली."

सुधाला गर्भचाचणीची ती पट्टी आठवली. दुसरी रेघ फिकट होती. पुन्हा करून पाहावी असं वाटलं होतं, पण नमुना संपला होता आणि माणूस पाकिटासाठी थांबला होता.

"म्हणजे माझी चूक होती?" तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

"मला काय ठावं? पण खरं असतं तं चाललं असतं का?"

सुधाने नळ्यांच्या ओळीतली एक नळी उगाच सरळ केली.

"आणि या वर्षी खरंच कोणी असेल तर? तिला डॉक्टर लागेल, भागीबाई."

"असली तं मला सांगंल. मी घेऊन येईन तिला, तिच्या पायांनी. सरांना कळायच्या आधी."

"कशावरून?"

"नगा इश्वास ठेवू." भागीबाईने खांदे उडवले. "मी तरी तुमच्यावर कुठं ठेवलाय?"

तेवढ्यात फोन वाजला. मुख्याध्यापकच होते.

"मॅडम, झालं का? काही सापडलं?"

सुधाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. एकोणीस बाटल्या एकाच बाईच्या आहेत, हे एक वाक्य खरं होतं. ते बोललं की संध्याकाळी भागीबाईची नोकरी जाणार आणि उद्या नव्या बाटल्या येणार. मी हे काम करणार नाही, हेही खरं होतं. मग बाटल्या दुसऱ्या लॅबकडे जाणार. अकरा वर्षांत तिने न केलेल्या तपासणीचा निकाल कधी लिहिला नव्हता. भागीबाई भिंतीकडे बघत उभी होती.

"सगळ्या निगेटिव्ह," सुधा म्हणाली.

"एकही नाही?"

"कोणी सापडायला हवी होती का, सर?"

"तसं नाही हो. पाकीट त्या बाईकडेच द्या."

सुधाने एकोणीस नावं लिहिली आणि प्रत्येकीपुढे तोच शब्द. सही करताना तिचं पेन अडलं. मग तिने ती नेहमीपेक्षा स्वच्छ केली. पाकीट चिकटवून भागीबाईकडे दिलं. भागीबाईने ते उजेडात धरून पाहिलं, जणू आतलं दिसणार होतं.

"त्यात खरंच तेच लिवलंय?"

"तेच."

ती निघाली नाही. सुधाने आणखी एक कागद घेतला, त्यावर भागीबाईचं नाव घातलं, बराच वेळ लिहिलं आणि घडी न घालता पुढे केला.

"हा तुमचा. तुमच्या साखरेचा. सरांना नाही, कोणालाच नाही. दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण औषध घ्यावं लागेल."

भागीबाईने कागद घेतला. उलटा धरला होता, तो सुधाने सुलटा केला.

"मला वाचता येत नाय."

"मी वाचून दाखवते. बसा."

भागीबाई खुर्चीच्या कडेला टेकली. सुधाने कागद समोर धरला.

"थांबा," भागीबाई म्हणाली, आणि उठून दार लावून आली.