पालखी जिथून मागं फिरायची

मी मुखवटा बोलतोय. पितळेचा, आजऱ्याच्या अलीकडच्या एका गावातल्या देवीचा.

शहाण्णव साली गावानं घरोघरची जुनी भांडी गोळा केली. गळके तांबे, पोचे आलेली ताटं, एक लंगडी समई. कोल्हापुरातल्या ओताऱ्यानं ती वितळवून मला घडवलं. गोणपाटात गुंडाळून एसटीनं आणताना एका बाईनं खुशाल माझ्यावर पाय टेकले. वेशीवर गोणपाट निघालं, हलगी वाजली आणि तीच बाई माझ्यापुढं लोटांगण घालू लागली. मला हसू आलं, तिच्यावर मायाही आली. नाक-डोळे ओताऱ्याचे; देवपण मला या माणसांनी दिलं.

पहिल्या दसऱ्याला पालखीत बसून निघालो. परतीचा पाऊस होऊन गेलेला. वरच्या गल्लीच्या टोकाला जोतीरामचं घर. पालखीचा पुढचा खांदा त्याचाच. तो म्हणाला, “खालच्या गल्लीत गुडघाभर चिखुल हाय. हितनंच फिरवा मागं.” शेवटचं दार त्याचं ठरलं, म्हणून मानाचा नारळही त्यालाच मिळाला.

दुसऱ्या वर्षी रस्ता खडखडीत कोरडा होता. “गेल्या सालीबी हितनंच फिरलीती की,” कुणीतरी म्हणालं. तिसऱ्या वर्षी सगळेच सांगू लागले, “पूर्वापार हाय!” मी स्वतः तीन वर्षांचा आणि माझी रीत पूर्वापार! माणसांच्यात लबाडी थोडी, विसराळूपणाच जास्त. जोतीरामला मात्र सगळं आठवत होतं. पण नारळ हातात आला की त्याची छाती फुगायची.

खालच्या गल्लीत त्याची थोरली बहीण विठाबाई राहायची, गावातच दिलेली. दर दसऱ्याला ती ताट घेऊन चढ चढून यायची. ओटी भरताना पुटपुटायची, “आई, एकदा माझ्या उंबऱ्यावर ये गं.” मी कसा जाणार? मला दुसऱ्यांचे खांदे लागतात.

एका दसऱ्याला ती आलीच नाही. तिचे गुडघे गेले होते. जोतीराम गर्दीत तिला शोधत राहिला. पुजाऱ्यानं नारळ पुढं केला, तसा त्यानं हात मागं घेतला.

“पालखी खाली न्या. आक्काच्या दारात.”

“मामा, रीत न्हाय,” खांदेकरी गुंडू घाबरला. “देवी कोपंल!”

“कसली रीत? चिखुल हुता म्हणून मीच फिरवलीती. आन् नारळबी तिलाच द्या.”

मग कुरकुरत का होईना, पालखी उतारानं निघाली.

विठाबाई उंबऱ्यावर बसली होती. तिला उठवेना. पालखी तिच्यापुढं टेकवली. तिनं ओटी भरली, पदरानं माझ्या तोंडावरचा गुलाल पुसला आणि म्हणाली, “दमली आसशील. बस घटकाभर.”

आजवर सगळ्यांनी माझ्याकडं काही ना काही मागितलं. बस, असं कुणी म्हटलं नव्हतं.

आता विठाबाई नाही. तिचं दार बंद असतं, तरी पालखी तिथं टेकते. नवी पोरं नारळ कुणाला द्यायचा यावर हुज्जत घालतात. पोरांनो, नारळ कुणीही घ्या. पण या दारात एक बाई माझी वाट बघत म्हातारी झाली, एवढं ध्यानात ठेवा. एरवी तुम्ही मागता. आज मी मागतोय.